वरून काय घालू?

"वरून काय घालू?"

पातेल्याच्या झाकणावरचे निखारे चिमट्याने बाजूला करता करता आबा हा प्रश्न विचारायचे. विचारताना मान वर करून थेट तुमच्या तोंडाकडे बघायचे. तुम्ही माझ्यासारखे नवखे असाल तर भोळेपणाने सांगणार, "कांदा. तळलेला, चांगला लाल."

"कांदा न्हाई."

"मग लसणाची चटणी चालेल."

"लसूण बिलकुल न्हाई."

"मग आहे काय?"

"खोबरं हाय."

"मग खोबरंच घाला."

"बघा, बराबर बोललात," असं म्हणून आबा समाधानाने खोबऱ्याच्या वाडग्याकडे हात न्यायचे. हा संवाद दर मुक्कामाला व्हायचा. मी त्यांच्याकडे किती वेळा जेवलो असेन त्याची मोजदाद नाही, पण एकदाही त्यांनी न विचारता खोबरं घातलं नाही. आणि खोबऱ्याशिवाय दुसरं काही घातलं नाही.

मी तेव्हा जालना–टेंभुर्णी मुक्कामी गाडीवर कंडक्टर होतो. संस्थान जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, रस्ते मात्र संस्थानातलेच होते. दिवस कलताना आम्ही टेंभुर्णीला पोचायचो आणि सकाळी तीच गाडी जालन्याला परत न्यायची. गाडी जिथे उभी राहायची तिथून चार पावलांवर आबांचं घर. घरात एकटे आबाच. बायको वारलेली, मूलबाळ नाही. शेत पुतण्याकडे सोपवलेलं. पहिल्याच मुक्कामाला ते गाडीपाशी आले आणि म्हणाले, "कंडक्टरसाहेब, इथं हॉटेलात खाऊन पोट बिघडवता का माझ्याकडं येता?" आमचे ड्रायव्हर चाचा मला म्हणाले, "चल बेटा, मैं तो हमेशा जाता हूँ. बस प्याज मत माँगना." मी मागितलाच.

तुम्ही दमाची खिचडी खाल्ली असेल, पण आबांची निराळी. तांब्याचं जाड बुडाचं पातेलं. तळाला तांदूळ-मूग, त्यावर परतलेल्या तुरीच्या डाळीचा थर, त्यावर पुन्हा तांदूळ, मध्ये मध्ये तुपाचा हात. झाकण कणकेने लिंपायचं, खाली निखारे, वर निखारे. मग आबा पातेल्याशेजारी तपकिरीची डबी घेऊन बसायचे आणि चिमूटचिमूट ओढत राहायचे. तपकिरीपायी त्यांच्या नाकाने कधीचाच राजीनामा दिला होता. खिचडी करपली तरी त्यांना शेजारच्यांनी येऊन सांगावं लागे.

एक गोष्ट माझ्या लवकरच ध्यानात आली. खिचडी काही झालं तरी दिवस मावळायच्या आत तयार हवी. आमची गाडी वेळेवर आली की आबा खूश, पण झाकण लगेच उघडायचे नाहीत. ओट्यावर उभे राहून गाडीतून उतरणारा माणूस न् माणूस बघायचे. शेवटची म्हातारी तिच्या गाठोड्यासकट उतरली, तरी बघत राहायचे. मग सूर्य पार बुडला की आत येऊन म्हणायचे, "चला, आता काय घाई न्हाई." आणि कणीक फोडायचे. मला वाटायचं, कुणी पाहुणा यायचा असेल. पण पाहुणा एखाद वेळी येतो, दर मुक्कामाला त्याची वाट बघत नाहीत.

कांद्याचं मात्र चाचांना सोसवेना. एकदा त्यांनी जालन्याहून खिशात कांदा आणला आणि बुक्की मारून फोडणार, एवढ्यात आबांनी हात धरला. "चाचा, तुमच्या पाया पडतो. घरात नको." चाचा बिचारे ताट घेऊन गाडीच्या पायरीवर जाऊन बसले आणि तिथे कांदा फोडून जेवले. आबा दारातून त्यांच्याकडे बघत होते. रागाने नाही. चाचांनी घास घेतला की आबांच्या गळ्याची घाटी हलायची. तेव्हा मला कळलं, ह्या माणसाला कांदा आवडतो, आपल्याहून जास्त आवडतो.

"मग खात का नाही?" मी विचारलं.

आबांनी डबी उघडली, चिमूट घेतली, ओढली नाही. हातातच धरून बोलत राहिले.

टेंभुर्णीत एक मारवाडी जैन सेठ होते. पिढ्यान् पिढ्या इथलेच, बोलणं आपल्यासारखंच. आबा आणि ते लहानपणापासूनचे दोस्त. एकाची कपाशी, दुसऱ्याचं दुकान, पण तो व्यवहार निराळा आणि दोस्ती निराळी. सेठ कांदा-लसणाला शिवायचे नाहीत, पाणी गाळून प्यायचे, दिवस मावळला की तोंडात काही घालायचे नाहीत. तरीही बाजाराच्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते आबांकडे जेवायला यायचे. त्यासाठी त्यांनी स्वतः हे पातेलं आणून दिलं होतं. "ह्यात फक्त आपलं शिजंल," एवढंच म्हणाले होते. त्या पातेल्यात कधी कांदा-लसूण पडला नाही. आबांना लागायचा तो त्यांच्या ताटात, वरून.

"तेवढ्यासाठीच तिनं ते विचारणं सुरू केल्तं," आबा म्हणाले. तिनं म्हणजे त्यांच्या बायकोने. "दोघांची ताटं म्होरं ठेवायची अन् म्हणायची, वरून काय घालू? तिला ठाऊक, मी काय म्हणणार, सेठ काय म्हणणार. तरी दर बाजाराला विचारायची. सेठ हसायचा. म्हणायचा, वहिनी, आज तरी न विचारता घाला."

तिने दोन बरण्या भरून ठेवलेल्या असत. दोन्ही चिनी मातीच्या, दोन्हींत खोबऱ्याची लालभडक चटणी. डावीकडची आबांची, लसणाची. उजवीकडची सेठजींची, बिनलसणाची. दिसायला एक, ठेवायला एक, आणि ओळखायला फक्त ती.

ती गेली. तेराव्याच्या आधी नात्यातल्या बायकांनी घर सारवलं, फळ्या धुतल्या, बरण्या पुसून पुन्हा मांडल्या. पुढच्या बाजाराला आबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः खिचडी लावली, कारण सेठ येऊन बसले होते. दुकान अर्ध्यात सोडून आले होते. आबांनी ताट वाढलं, आणि उजवीकडची बरणी घेतली. वास घेऊन बघायला नाक होतं कुठे?

"पहिला घास तोंडात घातला अन् थांबला. माझ्याकडं बघितलं. मी रडून राह्यलो व्हतो, मला काय समजंना. मला वाटलं, तिची आठवण आली आसंल त्याला. मंग खाली मान घालून सगळं ताट साफ केलं त्यानं. शीत ठेवलं न्हाई. पाणी पिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् गेला."

दुसऱ्या दिवशी शेतातल्या गड्याला आबांनी त्याच बरणीतली चटणी भाकरीवर दिली. गडी मिटक्या मारत म्हणाला, "आबा, लसूण झक्कास पडलाय." तेव्हा आबांना कळलं, बरण्या उलटसुलट मांडल्या गेल्या होत्या. धावत दुकानात गेले, तर सेठजींना उपास. तिसऱ्या दिवशी पण उपास. पुढच्या बाजाराला ते जेवायला आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. रस्त्यात भेटले की रामराम व्हायचा, पीकपाण्याचं बोलणं व्हायचं. पण त्या घासाबद्दल ना आबांनी तोंड उघडलं, ना सेठजींनी. पुढे सेठ मुलाकडे जालन्याला राहायला गेले, तेही परस्परच कळलं.

"चिडून चार शिव्या देल्या आस्त्या तर बरं झालं आस्तं," आबा म्हणाले. "त्यानं माझ्यासाठी धर्म बाटवला अन् गप राह्यला. आता कोणत्या तोंडानं बोलवू?"

त्या दिवसापासून आबांनी घरात कांदा-लसूण आणला नाही. पाणी गाळायचं फडकं खुंटीवर तसंच धुऊन अडकवलेलं. खिचडी दिवसाउजेडी तयार. उद्या सेठ आलेच तर घर तयार असावं, एवढंच. फक्त ती लसणाची बरणी त्यांना टाकवत नव्हती. माळ्याच्या फळीवर, तोंड बांधून ठेवली होती. बायकोच्या हातचं तेवढंच उरलं होतं आणि दोस्त गेला तोही त्या बरणीमुळेच. खाववेना आणि फेकवेना. मला त्यांची फार कीव आली.

आता कंडक्टरचा धंदा असा की माणसं तोंडावरून नाही, तिकिटावरून ओळखता येतात. आमच्या गाडीला महिना-दोन महिन्यांनी एक वयस्कर गृहस्थ असायचे. पिवळी पगडी, स्वच्छ धोतर, मांडीवर पितळी डबा. तिकीट घ्यायचे टेंभुर्णीचं, शेवटपर्यंतचं, आणि उतरायचे मात्र अलीकडच्या वडापाशी. तिथून पायी, शेताशेताने गावात. मी दोनतीनदा सांगितलं, "सेठजी, गाडी आत जाते." ते म्हणायचे, "चालायला बरं वाटतं." मागच्या बाकावर धूळ खात बसलेल्या, गुडघे धरून उतरणाऱ्या माणसाला चालायला बरं वाटत नसतं. आबांची गोष्ट ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पुढच्या वेळी गाडीत गर्दी नव्हती. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि सरळच विचारलं, "सेठजी, आबांवर अजून राग आहे का?"

ते दचकले. मग डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत बसले. वडाचं झाड लांब होतं.

"राग?" ते म्हणाले. "कशाचा राग? बरणी चुकली त्याची. त्याला नाक हाय का? मला पहिल्या घासालाच कळालं. तो समोर रडून राह्यला. ताट सारलं आस्तं तर त्याला वाटलं आस्तं, बायको गेली अन् दोस्त बी गेला. म्हणून खाल्लं."

"मग नंतर गेला का नाहीत?"

सेठजींनी इकडे तिकडे बघितलं. पुढच्या बाकावरची बाई झोपली होती. मग ते माझ्या कानाशी वाकले, आणि त्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर चोरून बोरं खाल्लेल्या पोराचा भाव आला.

"पहिला घास त्याच्यासाठी खाल्ला. बाकीचं ताट…" ते थांबले. "मला आवडलं, कंडक्टरसाहेब. लई आवडलं. उपास केले, महाराजांपाशी प्रायश्चित्त घेतलं. तरी ती चव जिभेवरून जाईना. मी पुन्हा त्याच्या दारात गेलो तर वास घेत बसंन. माझा माझ्यावर भरोसा न्हाई. आता हे त्याला काय सांगू?"

"मी सांगू?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. आणि कंडक्टरला स्पष्ट 'नाही' ऐकू आलं नाही की तो घंटी मारतो.

त्याच संध्याकाळी मी आबांना सांगितलं. आधी त्यांना पटेना. "आवडलं म्हणला? त्याच्या तोंडानं?" मग ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, तपकिरीची डबी सांडली, चाचा पाठ चोळायला धावले. आणि त्या ठसक्यातच कधी रडू आलं ते आम्हाला कळलं नाही.

"तिला सांगायला पाह्यजे व्हतं," आबा म्हणाले. "तिला लई वाटायचं हो. म्हणायची, एवढी चटणी करते, पण सेठभावजींनी माझ्या हातची खरी चव कधी बघितलीच न्हाई."

मग ते उठले. माळ्यावरची बरणी काढली, तोंडाचं फडकं सोडलं. इतक्या वर्षांत चटणी पार काळी पडून खवट झाली होती. आम्हाला लांबूनही वास आला. आबांना अर्थातच आला नाही. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "बराबर हाय," म्हणाले. चाचांनी आणि मी माना डोलावल्या.

सकाळी गाडी सुटताना आबा माझ्या खिडकीशी आले. "त्याला म्हणावं, ये. वरून काहीच घालणार न्हाई, कोरी खाऊ दोघं. लसणाचा वास बी न्हाई घरात. बरणी मी मळ्यात पुरून आलो."

मी निरोप पोचवला. सेठजींनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "येतो म्हणावं. आता चौमासा लागतो, चार महिने गाव सोडायचं न्हाई असा माझा नेम. कार्तिकी पुनव झाली की पहिल्या बाजाराला येतो. दिवसाउजेडी."

तो पावसाळा आबांनी कसा काढला ते काय सांगू. पातेल्याला कल्हई करून आणली. तांदूळ जुना पाहून ठेवला. मुक्कामाला गेलो की पहिला प्रश्न, "पुनव कधी हाय हो?" मी सांगायचो. पुढच्या मुक्कामाला पुन्हा तोच प्रश्न. ओट्यावर उभं राहून उतरणारी माणसं बघणं मात्र त्यांनी बंद केलं होतं. आता पाहुणा कधी येणार ते ठरलेलं होतं.

दसऱ्यानंतर बायकोच्या बाळंतपणासाठी मी रजा काढली. चाचांना तोवर शहागडच्या गाडीवर घातलं होतं. रजा संपवून मी हजर झालो तो पुनवेनंतरचा पहिला बाजारचा दिवस. गाडीत सेठजी पुढच्या बाकावर. नवं धोतर, मांडीवर डबा नाही, रुमालात खोबऱ्याच्या वाट्या बांधलेल्या. गाडीत टेंभुर्णीची माणसंही होती, पण मला सगळं माहीत असणार असं त्यांनी धरलं असावं. कुणी काही बोललं नाही. वड आला. मी मुद्दाम घंटीच्या दोरीला हात लावला. सेठजी हसून म्हणाले, "न्हाई, न्हाई. आज शेवटपर्यंत."

आबांच्या घराला कुलूप होतं.

शेजारून पुतणसून आली. पदर तोंडाला लावून तिने सांगितलं, दिवाळीच्या तोंडावर ताप आला, तीन दिवसांत आटोपलं. "शुद्धीत व्हते तवर सांगत व्हते, सेठ येणार हायेत, त्यांना उपाशी धाडू नका. पातेलं तेवढं निराळं ठेवा."

सेठजी ओट्यावर बसले. रुमालाची गाठ सोडली नाही. मी म्हटलं, "चला सेठजी, तुम्हाला गावातल्या घरी पोचवतो." ते म्हणाले, "त्यानं जेवायला बोलवलंय."

पुतणसुनेने कुलूप काढलं, चूल पेटवली. त्याच पातेल्यात खिचडी लावली, गाळलेल्या पाण्याने. झाकण उघडलं तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. तिने ताट वाढलं आणि विचारलं, "वरून काय घालू?" तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या घरात तसंच विचारतात, एवढंच तिला माहीत होतं.

सेठजींनी रुमाल पुढे केला. "ह्या ताटावर खोबरं. अन् अजून एक ताट वाढा. त्यावर कांदा तळून घाला."

"कांदा?" ती माझ्याकडे बघायला लागली. "सेठजी, ह्या घरात कांदा न्हाई. मामंजी आणू देत नव्हते."

"मंग तुमच्या घरून आणा. त्याला कांद्याबिगर जेवण जात न्हाई. तुमच्याच कढईत तळा, लाल होऊ द्या."

ती गेली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मी म्हटलं, "सेठजी, दिवस बुडायला आला. तुम्ही खाऊन घ्या."

"त्याचं ताट येऊ द्या," ते म्हणाले. "एकटा कसा बसू?"

ती कांदा घेऊन आली तेव्हा भिंतीवरचंही ऊन गेलं होतं. सेठजींनी आभाळाकडे बघितलं, आपलं ताट हळूच बाजूला सारलं आणि कांद्याचं ताट माझ्यापुढे ठेवलं.

"जेवा, कंडक्टरसाहेब. तुम्हाला चालतो ना."

त्या घरात इतक्या वेळा मी कांदा मागितला होता. आता समोर होता, चांगला लाल, आणि मला नको होता. सेठजी समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होते. म्हणून मी खाली मान घातली आणि सगळं ताट साफ केलं. शीत ठेवलं नाही.

"कांदा बराबर झाला का?" त्यांनी विचारलं.

"बराबर झाला," मी म्हणालो. शेजारी त्यांच्या ताटातली खिचडी गार झाली होती आणि वरचं खोबरं तसंच होतं.